आज तुम्ही जा

"ह्या बाईंना घ्या. माझा नंबर उद्या," असं म्हणून तो एक पाऊल मागे सरला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. प्लॅस्टिकची फाइल त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

परळच्या एका हॉस्पिटलचं ते तळघर होतं. एका बाजूला औषधांचं स्टोअर, दुसऱ्या बाजूला धुतलेल्या चादरींच्या गाड्या. स्टोअरच्या मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी नुकतंच सांगितलं होतं की जागा दोन नाहीत, वरून एकच मंजूर होऊन आली आहे, आणि ती त्याला द्यायला त्या तयार आहेत. जाणता माणूस मिळाला तर त्यांना हवाच होता. माझी सून बाजूला खाली मान घालून उभी होती. तिने जन्मात बाहेर नोकरी केली नव्हती. मी बाकावर बसले होते.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. विचार करून बोला म्हणाल्या. तो म्हणाला, "केला विचार. मी त्यांना शिकवतो, तुमचं काम अडणार नाही." मग सुनेकडे वळला. "वहिनी, आज तुम्ही जा."

तो 'आज' म्हणाला आणि मला कळलं की हा चुकतो आहे. काय चुकतो आहे तेही कळलं. त्या तळघरात ते कळण्यासारखी मी एकटीच होते. मी तोंड उघडलं नाही.

त्याचं नाव सांगत नाही. त्याच्या बायकोला ते आवडणार नाही, आणि तिचं माझं बोलणं नाही.

आमच्या घोडपदेवच्या चाळीत तो माझ्यापासून चौथ्या खोलीत राहायचा. त्याच खोलीत जन्मला. माझी पूर्वी गिरणीतल्या माणसांची खाणावळ होती. गिरण्या गेल्या, खाणावळ गेली, तवा राहिला. आता पोळ्या करून देते. तो लहान असल्यापासून मला काकी म्हणायचा.

शिवडीकडे एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचं गोडाऊन होतं. तिथे तो बावीस वर्षं स्टोअर सांभाळत होता. धंदा बसत चालला म्हणून मालकाने गोडाऊन भिवंडीला नेलं. कपाटं नेली, पंखे नेले, माणसं इथे ठेवली. तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता. बायको घरी साड्यांना फॉल लावायची, हिंदमाताच्या दुकानांतून साड्या यायच्या. मुलगी कॉलेजात होती. सगळं घर त्याच्यावर होतं, हे सांगायला नको.

नोकरी गेली की माणूस आधी झोपतो. माझा नवरा महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडला होता. हा पुढच्याच सोमवारी सकाळी साडेसहाला इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. बायकोने विचारलं, कुठे? म्हणाला, पहिल्या पाळीला. तिला वाटलं, ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. ती घाबरून माझ्याकडे आली. मी त्याला गॅलरीत अडवलं.

"शोधणं हेच आता काम, काकी," तो म्हणाला. "सात ते साडेतीन. साडेतीननंतर तोंडातून नोकरी हा शब्द निघणार नाही."

आणि तसं तो वागला. साडेतीन-चारला यायचा, अंघोळ करायचा, गॅलरीत स्टूल टाकून बायकोला सुया ओवून द्यायचा. खालच्या मजल्यावर कॅरम खेळणारे म्हातारे त्याला चिडवायचे, काय रे, आज ओव्हरटाइम लागला का? तो म्हणायचा, साध्या टाइमाला कोणी घेईना, ओव्हरटाइमला कोण घेतो.

तुमच्याही आजूबाजूला नोकरी शोधणारे असतील. ते काय करतात बघा. फोनवर बोट फिरवत बसतात. त्याच्या मुलीनेही त्याचे अर्ज फोनवरून भरले, पुष्कळ भरले. फोन वाजायचा तो कर्ज पाहिजे का विचारायला. तो त्या पोरींशी नीट बोलायचा आणि शेवटी विचारायचा, तुमच्याकडे स्टोअरमध्ये जागा आहे का? एकाने नोकरी पक्की म्हणून गणवेशाचे पैसे आधी मागितले. ह्याने फोन ठेवला. काम द्यायला पैसे मागतो त्याच्याकडे काम नसतं, असं मुलीला सांगितलं. चाळीतल्या दोघांचे पैसे त्या एका वाक्याने वाचले.

त्याची रीत वेगळी होती. कुठे माणूस घेतात हे तो कधी विचारायचाच नाही. कोण जाणार आहे ते विचारायचा. कोणाचं वय झालं, कोणाला दिवस गेलेत, कोण गावी घर बांधतो आहे. आणि विचारायचा कोणाला? साहेबाला नाही. वॉचमनला, लिफ्टवाल्याला, गेटबाहेर चहा विकणाऱ्या बाईला. सोमवारी लालबाग, मंगळवारी शिवडी, बुधवारी दादर, गुरुवारी परळ, असे वार ठरलेले. पायी. कुठे गेला तरी आधी दहा मिनिटं त्यांच्या सुखदुःखाचं ऐकायचा, मग आपलं काढायचा.

"जागा कागदात नसते, काकी. माणसात असते. माणूस हलला की जागा दिसते."

हे वाक्य त्याच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी सांगितलं, पुढच्या खेपेला हे बोललास तर लाटणं मारीन.

बायोडाटाचा कागद त्याने सहा-सात वेळा बदलला. पहिल्या कागदावर वरतीच लिहिलं होतं, एकाच ठिकाणी बावीस वर्षं. मला ते चांगलं वाटलं. दादरच्या एका साहेबाने त्याला तोंडावर सांगितलं की बावीस वर्षं एका ठिकाणी राहिलेल्याला एकच ठिकाण माहीत असतं. हा घरी आला, ते वाक्य खाली नेलं आणि वर लिहिलं, औषधांचा साठा, तारखा, थंड पेटी. मग प्रत्येक ठिकाणी जाताना तिथलं काम बघून वरची ओळ बदलायला लागला. कपड्याच्या दुकानात जाताना औषधं खाली, मोजदाद वर. खोटं एक अक्षर लिहायचा नाही, वरखाली मात्र करायचा.

मुलाखतीची तयारी माझ्याकडे. मी कणीक मळत असताना तो दारात यायचा, "काय गो काकी, साहेब बसले काय खुर्चीवर?" मी म्हणायची, बसले, आत या. तो हात पुढे धरून उभा राहायचा. एकदा मी विचारलं, वय काय? म्हणाला, एक्कावन्न. मी म्हटलं, मग घरी बसा.

तो हसत सुटला. "एवढं तोंडावर कोणी बोलत नाही, काकी. ते म्हणतात, कळवतो."

"मग ते माझ्यापेक्षा वाईट."

"तसं म्हणू नका. 'कळवतो' ऐकलं की माणूस निदान जिना तरी नीट उतरतो."

ह्या फिरण्यातून नोकऱ्या मिळाल्या, पण दुसऱ्यांना. कुठे बाईच हवी होती, कुठे तिशीच्या आतला. तळमजल्यावरची एकजण शाळेच्या कॅन्टीनला लागली. मागच्या चाळीतला एक मजूर लिफ्टवर बसला. मलाही एका ऑफिसचं पोळ्यांचं गिऱ्हाईक त्यानेच आणलं. मी त्याला म्हणायची, गावाची लग्नं लावतोस आणि स्वतः ब्रह्मचारी. त्यावर तो बायकोकडे बघायचा आणि बायको सुई दाताखाली धरून हसायची. तेव्हा हसायची.

आता ती दुसरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला त्याचं वागणं वेडेपणाचं वाटेल.

त्याचा बाप गिरणीत बदली कामगार होता. बदलीवाला म्हणजे कायम नसलेला. रोज सकाळी गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. आतला कोणी कामावर आला नाही तर त्याच्या जागी आजचा दिवस. नाहीतर घरी. एका गावची माणसं एका खोलीत राहायची, गेटवरही एकत्र उभी असायची. आणि त्यांच्यात एक रीत होती. आपला नंबर लागला, पण मागच्याच्या घरी आजारपण आहे, चूल पेटलेली नाही, तर पुढचा म्हणायचा, आज तू जा. आणि मागे सरायचा. ज्याने नंबर दिला त्याला उद्या पुढे उभा करायचे. ह्यात कोणी कधी लबाडी केली नाही. माझा नवराही सुरुवातीला बदलीवर होता. माझं पहिलं मूल तापाने फणफणलं होतं तेव्हा ह्याच्याच बापाने गेटवर माझ्या नवऱ्याला पुढे ढकललं होतं. दुसऱ्या दिवशी बापाला काम मिळालं. उद्या होता म्हणून मिळालं.

तो बापाचं बोट धरून ते गेट बघत मोठा झाला. औषधांच्या गोडाऊनमध्येही तो असाच लागला होता. गावच्या एकाने रजेवर जाताना ह्याला आपल्या जागी पंधरा दिवस उभा केला, तो परत आल्यावर मालकाने दोघांनाही ठेवलं. मागे सरलेल्या माणसाचा नंबर पुन्हा येतो, हे त्याने आयुष्यात बघितलं होतं. त्याच्या डोळ्यांना दुसरं काही दिसलंच नव्हतं.

माझ्या मुलाला बेचाळिसाव्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली. तो टेम्पो चालवायचा, ते बंद. सून, नात, मुलगा आणि मी, आणि माझ्या पोळ्या. सून पोळ्या लाटायची, पण माझा तवा तेवढ्या तोंडांना पुरणारा नव्हता.

त्या हॉस्पिटलच्या जागेवर तो चार महिने नजर ठेवून होता. गेटबाहेरच्या चहावालीने सांगितलं होतं की औषधांच्या स्टोअरमधला एकजण निवृत्त होणार आहे. दर गुरुवारी तो जाऊन यायचा. निवृत्त होणाऱ्या माणसाशी ओळख केली, मॅडमना दोनदा भेटला, कागद दिला. हे काम त्याचंच होतं. औषधं, तारखा, थंड पेटी, सगळं तेच. त्या चार महिन्यांत मी त्याला पहिल्यांदा शिट्टी वाजवताना ऐकलं. मग त्याला कळलं की तिथलीच एक बाई बाळंतपणाला जाणार आहे आणि परत येणार नाही. म्हणजे जागा दोन. तो सरळ माझ्या दारात आला. म्हणाला, सुनेला तयार करा, गुरुवारी बरोबर नेतो.

मी सुनेबरोबर गेले, कारण ती एकटी गेली असती तर जिन्यावरून परत आली असती. पुढचं तळघरातलं मी आधीच सांगितलं.

जाताना मॅडम त्याला म्हणाल्या, दुसरी जागा मंजूर झाली तर कळवू. ह्याच माणसाने 'कळवतो'चा अर्थ मला समजावला होता. पण त्या दिवशी त्याने तो शब्द दुसऱ्या कानाने ऐकला. त्याच्या हिशेबाने आता उद्याचा पहिला नंबर त्याचा होता.

त्याने बोलल्याप्रमाणे सुनेला शिकवलं. आठवडाभर साडेचारला ती कामावरून आली की गॅलरीत रिकामी खोकी मांडायचा. ज्याची तारीख जवळ ते पुढे, ज्याची लांब ते मागे. बाटली उचलली की आधी तारीख, मग नाव. सून चुकली की म्हणायचा, वहिनी, हे मीठ-मसाला नाही, ह्याने माणूस जाईल. सून शिकली. ती हुशार निघाली, हे मलाही तेव्हाच कळलं.

आणि रोज सकाळी तो त्या हॉस्पिटलच्या गेटवर जाऊन उभा राहायचा. सोमवारचं लालबाग नाही, मंगळवारची शिवडी नाही. सगळे वार परळ. मला सुनेने सांगितलं. ती आत जायची तेव्हा तो गेटपाशी फाइल घेऊन उभा असायचा, तिला हात करायचा. वॉचमनने त्याला खुर्ची देऊ केली तर बसला नाही. तीन आठवडे असं चाललं. ह्या दिवसांत दादरच्या एका दुकानात मोजदादीची जागा निघाली होती, चाळीतल्याच एकाने येऊन सांगितलं होतं. तो गेला नाही. गेटवरून हललो तर नंबर जाईल, असं बायकोला म्हणाला.

तेव्हा मी त्याला बोलावलं. दार लावलं. सांगितलं, अरे बाबा, ते गिरणीचं गेट नाही. तिथे बदली नाही. तू दिलीस ती एका दिवसाची पाळी नव्हती, नोकरी होती. ती सुनेला कायमची गेली. तिथे उद्या नाही.

त्याने तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाला, "तुम्हाला हे तिथेच कळलं होतं, काकी?"

मी म्हटलं, "हो."

"मग तिथे बोलायचं होतं."

एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. निघताना ओट्यावरचं पिठाचं भांडं कडेला होतं ते आत सरकवून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. तिच्या हातात सुई तशीच होती. ती म्हणाली, "तुम्ही गेटच्या काळातल्या. तो तेव्हा पोर होता. तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"तो तुमच्या शब्दाबाहेर नव्हता. तुम्ही नको म्हणाला असतात तर त्याने ऐकलं असतं."

"ऐकलं असतं."

"मग?"

मी खरं ते सांगितलं. "माझा मुलगा खाटेवर आहे. मला ती नोकरी हवी होती."

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मान हलवून निघून गेली. त्यानंतर तिने आमच्याकडच्या पोळ्या बंद केल्या.

सुनेने नोकरी सोडायची गोष्ट काढली होती. मी तिला सोडू दिली नाही. सोडली असती तरी ती त्याला मिळाली नसती, दुसऱ्या कोणाला मिळाली असती. हे मी तिला सांगितलं, ते खोटं नव्हतं. पण म्हणून मी सांगितलं असंही नाही.

तो पुन्हा वारांप्रमाणे निघायला लागला. पण आता लोकांचं ऐकायला थांबायचा नाही. फाइल द्यायचा, पुढे जायचा. चहावाली सुनेला म्हणाली की तुमचे ते भाऊ हल्ली नमस्कारसुद्धा घाईत करतात. दादरच्या दुकानातली जागा भरली होती. दुसरीकडे कुठे काही हलत नव्हतं. जे कामावर होते ते जागेला चिकटून बसले होते, आणि माणूस हलत नाही तिथे त्याच्या रीतीचा काय उपयोग? माझ्या दारात तो कधी आला नाही असं नाही. यायचा, मुलाची विचारपूस करायचा, सुनेला कामाचं विचारायचा. मुलाखतीची तयारी मात्र पुन्हा केली नाही.

पावसाळ्यानंतर त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. मी गॅलरीतून ओरडून सांगितलं, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, गुरुवारनंतर. गुरुवारी एका ठिकाणी बोलावलं होतं. तिथेही वय विचारलं. त्यानंतरही तो आठ-दहा दिवस चालतच होता. बायकोने हात धरून सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा पोट फुगलं होतं. काविळीने लिव्हर पार गेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी करायचं ते केलं. उशीर ह्याने केला होता.

नोकरी नव्हती म्हणून तो गेला, असं चाळीत म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. नोकरीवाले काविळीने जात नाहीत असं नाही. पण त्या हॉस्पिटलात कामाला असलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना तिथल्या उपचाराचं कार्ड मिळतं, आणि नवा माणूस कामावर आला की आधी त्याचं रक्त काविळीसाठी तपासतात, दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. सुनेचंही तपासलं होतं. हेही मला माहीत आहे, तेव्हा तेही सांगते.

दिवसकार्याला मी गेले नाही. सून रजा घेऊन गेली. बायकोने तिला पाणी दिलं, बसवलं, कामाचं नीट चाललं आहे का विचारलं. माझं विचारलं नाही. दोन महिन्यांनी खोली भाड्याने देऊन मायलेकी बदलापूरला गेल्या. मुलगी कॉलेज करून एका दुकानात हिशेबाला बसते असं ऐकलं. त्याच्या खोलीत आता रत्नागिरीचं नवं जोडपं राहतं. त्यांना तो कोण ते माहीत नाही.

ह्या मार्चमध्ये माझ्या मुलाला दुसरा झटका आला. सुनेच्या कार्डावर त्याला त्याच हॉस्पिटलात, अर्ध्या तासात, दाखल करून घेतलं. तो वाचला.